पूर्वेची खोली

पूर्वेच्या खोलीची खिडकी उघडण्याआधी थोरलीने सवयीने पलंगाकडे पाहिलं. "वारा नको गं आत घेऊस," असं म्हणणारं तिथे आता कोणी नव्हतं. सासूबाई गेल्याला सबंध हिवाळा उलटला होता. पलंगावरची चादर मात्र रोज ताणून घातली जात होती, आणि खिडकीच्या कडीला हात लावला की थोरलीला अजून चोरी केल्यासारखं वाटायचं. तिने कडी सोडून दिली. धाकटी आली की उघडेल. आजचा सगळा घाट तिनेच तर घातला होता.

धाकटी लोकांची घरं मांडून द्यायची. खुर्ची कुठे, दिवा कुठे, पलंगाचं डोकं कोणत्या भिंतीला, हे ती फेंगशुईच्या आधाराने सांगायची आणि लोक तिला आग्रहाने बोलवायचे. तिच्या नवऱ्याला, म्हणजे घरातल्या धाकट्या मुलाला, यातलं काही कळत नव्हतं. तो बोटीवर इंजिनं सांभाळायचा आणि वर्षातला बराच काळ समुद्रावर असायचा. गेल्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. "वहिनी, झाडांना पालवी फुटायला लागलीय. आता घराने कूस बदलायला हवी. रविवारी येऊ?" थोरली हो म्हणाली. ते नणंदेच्या, आक्काच्या कानावर गेलं, आणि ती म्हणाली, "मग मीही येते. मलाही बोलायचंच आहे."

बोलायचं थोरलीलाही होतं. पण ते कोणालाच माहीत नव्हतं.

परवा तिच्या जुन्या शाळेतून मुख्याध्यापिकेचा फोन आला होता. बालवर्गाच्या बाई गाव सोडून चालल्या होत्या. "जागा मुळात तुमची. म्हणून पहिल्यांदा तुम्हाला विचारते. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरं कोणी शोधावं लागेल." थोरली "बघते" म्हणाली, आणि फोन ठेवून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिने तो वर्ग सोडला होता. सोड असं कोणी म्हटलं नव्हतं. घरी कोणीतरी लागणार होतं, सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि तिने हात वर केला. आता सासूबाई नव्हत्या, पण आबा होते. दिवसभर एका जागी गप्प बसून असायचे. सासऱ्यांना असं एकटं टाकून ती मुलांना रंगाचे खडू धरायला शिकवायला जाणार? नवऱ्यालाही तिने काही सांगितलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर सूप रटरटत होतं. दाराशेजारच्या आरशावर हात पुसायचं फडकं टांगलेलं होतं, ते तिने नीट पसरलं.

या घरात आरसे असणं नवलाचं नव्हतं. आबांच्या वडिलांनी काढलेलं आरशांचं दुकान आता थोरलीचा नवरा, थोरला, चालवत होता. पण घरातले हे चार आरसे शोभेचे नव्हते. सासूबाईंचं अर्धं अंग गेलं आणि नजर छताला लागली, तेव्हा आबांनी ते लावले होते. एक पलंगासमोर, एक बोळाच्या वळणावर, एक स्वयंपाकघराच्या दाराशी, एक बाहेरच्या दारासमोर. कोन असे नेमके साधले होते की पडल्या पडल्या त्यांना शेगडीपाशी उभी असलेली सून दिसायची, कामावरून परतणारा मुलगा दिसायचा, पोस्टमनसुद्धा दिसायचा. "मी या घराची मुकादम," असं त्या म्हणायच्या, आणि खरंच मुकादमकी करायच्या.

मात्र त्यांना जशी शेगडी दिसायची, तसा शेगडीपासून त्यांचा पलंगही दिसायचा. तेव्हा त्याचा केवढा आधार होता! त्यांनी बोट उचललं की थोरली पाणी घेऊन हजर. आता भाजी चिरताना मान वर केली की ताणलेली चादर आणि उशी. शेवटी तिने फडक्याची युक्ती काढली. बोळातून पावलं ऐकू आली की ती फडकं काढून घ्यायची. आबांनी स्वतःच्या हाताने लावलेला आरसा. त्यांना काय वाटेल?

*

आक्का आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन.

"ही कशाला?" थोरल्याने विचारलं.

"सांगते. आधी दारातून आत तर येऊ दे."

आत येताना तिला चपलांच्या कपाटाला लागून ठेवलेली आबांची खुर्ची ओलांडावी लागली. आबा बाहेरच्या दाराकडे पाठ करून, खुंटीवर लटकणाऱ्या कोटांकडे तोंड करून बसले होते. आक्का वाकून त्यांच्या पाया पडली नाही की गळ्यात पडली नाही. तिने त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, ही तिची लहानपणापासूनची रीत होती, आणि विचारलं, "काय बघताय आबा?"

"काही नाही," आबा म्हणाले.

आक्काला ते दिवस आठवले. आई होती तोवर हा माणूस घरभर शीळ घालत फिरायचा.

तेवढ्यात धाकटी आली. हातात होकायंत्र, खांद्यावर झोळी.

"आल्या कप्तानीणबाई!" आक्का म्हणाली. "बोटीवर नवरा, आणि होकायंत्र तुझ्या हातात?"

"त्याच्याकडे मोठं आहे, आक्का. हे घरगुती."

"आणि तो तोंडात नाणं धरलेला बेडूक? तो नाही आणलास? आमच्या शेजारणीने टीव्हीवर बसवलाय. तिच्या घरात भांडणं आहेत तशीच आहेत, वर बेडूक पुसायचं काम वाढलंय."

थोरला हसला. धाकटीही हसली. "बेडूक दुकानवाले विकतात. मला ज्या बाईंनी शिकवलं, त्यांनी सुरुवातीला बराच काळ नुसत्या खिडक्या उघडायला लावल्या."

चहाला सगळे पूर्वेच्या खोलीबाहेर बोळातच बसले, कारण खोलीत पलंग होता आणि त्यावर कोणी बसत नव्हतं. धाकटीने कप खाली ठेवला. "फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. दोन्ही वाहती हवीत, अडली की सडतात. या विद्येत प्रत्येक दिशेला एक ऋतू असतो. पूर्वेचा ऋतू वसंत. पूर्वेचं तत्त्व लाकूड, म्हणजे वाढणारं झाड. आणि पूर्व कुटुंबाची, आरोग्याची. आता बघा, या घराची पूर्व म्हणजे ही खोली. हिवाळाभर बंद."

"बंद नाही," थोरला लगेच म्हणाला. "मी रोज सकाळी आत जातो. आरसे पुसतो."

"तेच म्हणायचं होतं, दादा. पलंगासमोर आरसा चांगला नाही मानत. आणि बाहेरच्या दारासमोर तर नाहीच. आत येणारी ऊर्जा तो उलट पावली बाहेर घालवतो. मला वाटतं, आरसे काढावेत. पलंगही..."

"आरशांना हात लावायचा नाही." थोरल्याचा आवाज एकदम चढला. "बाकी काय ते हलव. कपाट हलव, मला हलव. आरसे आबांनी आईसाठी लावलेत."

"बरोबर बोलला," आक्का म्हणाली. "आईची तेवढीच खूण उरलीय." मग तिने बॅगेवर हात ठेवला. "आणि तू काही म्हण, खुर्च्या फिरवून आबा हसणार नाहीत. मी त्यांना माझ्याकडे नेणार आहे. आज."

बोळातून आबांचा एक खांदा तेवढा दिसत होता. तो हलला नाही.

"म्हणजे आम्ही नीट सांभाळत नाही?" थोरल्याने विचारलं.

"मी असं म्हटलं का?"

"मग कसं म्हटलंस?"

"ते कोटांशी गप्पा मारत बसलेत, ते दिसतंय ना मला! आणि सांभाळण्याचं म्हणशील, तर आई गेल्यावर मला फोन केलात तुम्ही. आधी नाही केलात."

"आधी असं काही नव्हतंच, आक्का. आई झोपेत गेली. किती वेळा सांगू?"

थोरली कप गोळा करायला उठली. आक्का 'नेणार' म्हणाली त्या क्षणी तिच्या छातीतून काहीतरी हलकं होऊन वर आलं होतं. आबा आक्काकडे. म्हणजे शाळा. आपण फक्त गप्प राहायचं, बाकी आपोआप होईल. आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. दुकानापासून दूर, एका परक्या खिडकीशी बसलेले आबा तिच्या डोळ्यांपुढे आले. कपांचा किणकिणाट करत ती स्वयंपाकघरात निघून गेली.

*

भांडणाच्या मध्ये पडायचं नाही, हे धाकटी या घरात आल्यापासून शिकली होती. ती उठली आणि तिला शिकवल्याप्रमाणे काम करू लागली. तिच्या बाई सांगायच्या, कोणतीही वस्तू हलवण्याआधी घरातला प्रत्येक माणूस जिथे सगळ्यात जास्त वेळ असतो तिथे जा. त्याच्या जागी बस. त्याला काय दिसतं ते बघ. होकायंत्र नंतर.

"आबा, जरा मला बसू देता तुमच्या खुर्चीत? दोनच मिनिटं."

आबा उठून भिंतीला टेकून उभे राहिले. धाकटी बसली. समोर कोट. डावीकडे चपलांचं कपाट. पाठीला दार, त्यातून येणारा गार झोत मानेवर. फेंगशुईच्या दृष्टीने याहून वाईट बैठक शोधून सापडली नसती. पाठीला आधार नाही, डोळ्यांपुढे उजेड नाही. इतकी वर्षं उजेडाशी खेळलेल्या माणसाने ही जागा का निवडावी?

तिने मान डावीकडे वळवली. कपाटाची कड. उजवीकडे वळवली. भिंत. तिने वर पाहिलं, मागे वळून पाहिलं. मग ती हळूच पुढे झुकली, आणि बोळाच्या वळणावरच्या आरशात तिला पलंगाचा पाय दिसला. ती मागे टेकली. पलंग गेला.

तिने आबांकडे पाहिलं. आबा तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांनी नजर काढून घेतली.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. थोरली शेगडीपाशी होती. पावलं ऐकून तिचा हात दाराशेजारच्या फडक्याकडे गेला होता. धाकटी आहे हे बघून तो अर्ध्यावर थांबला.

"वहिनी, इथे उभं राहून तुम्हाला रोज काय दिसतं?"

"सूप दिसतं. दुसरं काय?"

"फडक्याखाली काय आहे?"

थोरलीने डाव फिरवला, आणि पुन्हा फिरवला. "कोणाला सांगू नकोस," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला बघवत नाही गं. पण आबांना त्याचाच आधार आहे. आणि ह्यांनाही. रोज सकाळी इतक्या मायेने पुसतात ते आरसे, मी काय म्हणणार?"

"आबांना आधार आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

थोरलीने आठवून पाहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं.

*

आबा पुन्हा खुर्चीत बसले होते. धाकटी त्यांच्यासमोर, कोटांच्या खाली, जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्यामागोमाग थोरलीही आली. आक्का आणि थोरला यांचं भांडण तोवर आईने कोणाला जास्त लाडावलं होतं इथपर्यंत मागे गेलं होतं.

"आबा," धाकटी म्हणाली, "ही खुर्ची इथे कोणी ठेवली?"

"मी."

"झुळूक येते दारातून," थोरल्याने बापाच्या वतीने सांगून टाकलं. "म्हणून बसतात."

"हिवाळ्यात झुळूक?" आक्काने विचारलं.

या प्रश्नावर आबांना हसू आलं. सगळा हिवाळा त्यांची मान आखडली होती, आणि कोणालाही हा साधा प्रश्न पडला नव्हता. त्यांनी समोर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. हिने जागा ओळखली होती. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं म्हणजे ते थकले होते. दुःखाने तर थकले होतेच, पण त्याहून जास्त जपून बसण्याने.

"घरात एवढी एकच जागा आहे," ते म्हणाले, "जिथून पलंग दिसत नाही."

आबा पुढे बोलत राहिले, हळूहळू, गंजलेलं बिजागर सैल व्हावं तसे.

"ती छताकडे बघत पडायची ना, मला सहन होईना. पहिला आरसा लावला आणि तिला शेगडी दिसली. अर्ध्या तोंडाने हसली. मग मी सुटलोच. वळणावर लावला, दारात लावला. शक्य असतं तर चौकातसुद्धा लावला असता. आणि ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, पेचकस घेतला. म्हटलं, ज्याच्यासाठी होते ते माणूस गेलं, काम झालं, काढून टाकू. बोळात येतो तर हा." त्यांनी थोरल्याकडे बोट केलं. "आईचं मऊ फडकं घेऊन आरसा पुसतोय. डोळे सुजलेले. माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, पोराला एवढाच आधार आहे, तर असू दे. आपण खुर्ची हलवू."

थोरल्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले, मग खाली घेतले. "आबा, मी तुमच्यासाठी पुसत होतो! तुम्ही लावलेले. धूळ बसलेली बघून तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मला तर त्या खोलीत जायला..." त्याने खोलीकडे हात केला. "मी रोज डोळे मिटून पुसतो तो पलंगासमोरचा."

"तरीच कोपरे राहतात," थोरली म्हणाली.

आक्का फिस्सकन हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "आणि तू गं? तू काय करत होतीस?"

"मी फडकं टाकत होते," थोरली म्हणाली. "स्वयंपाकघरातल्या आरशावर. आबांची पावलं ऐकू आली की काढायचे."

"मला वाटायचं, तू आरशात केस बघतेस," आबा म्हणाले. "म्हटलं, बघू दे बापडीला. मी मुद्दाम पाय आपटत यायचो."

आता मात्र सगळेच हसले. थोरला खाली बसून हसला. एका हिवाळ्याचं साचलेलं हसू होतं ते, पटकन थांबेना.

*

पेचकस आबांनीच घेतला. स्क्रू त्यांचे, कोन त्यांचे, काढायचे तेही त्यांनीच. थोरला खालून काच धरत होता. "दोन्ही हातांनी. पोटाशी. हं," असं आबा म्हणत होते, आणि पन्नाशीतला थोरला शिकाऊ असल्यासारखा "हो, हो" करत होता. आरसे खाली उतरले तशा भिंतींवर फिकट चौकोन उरले. धाकटीने पूर्वेच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर परसातलं झाड नुकतं कुठे पालवलं होतं, पानं अजून नखाएवढीच होती, पण त्यांतून येणाऱ्या उजेडाला हिरवट झाक होती. वारा खोलीतून बोळात आणि बोळातून बाहेरच्या दारापर्यंत आला आणि कोटांच्या बाह्या हलल्या.

"आली तुझी ऊर्जा," आक्का धाकटीला म्हणाली. या खेपेला टोमणा नव्हता.

शेवटचा आरसा पलंगासमोरचा. तो उतरवण्याआधी आबा थांबले.

"आक्का, इकडे ये. तुला एक माहीत नाही. आईची वाचा गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, येईल न येईल, सांगता येत नाही. मग ती परत कशी आली?"

"औषधांनी?"

"औषधांनी नाही. हिने आणली." आबांनी थोरलीकडे पाहिलं. "रोज दुपारी पलंगावर शेजारी बसायची, दोघी या आरशाकडे तोंड करून. 'आई, माझ्या ओठांकडे बघा. आता तुमच्या ओठांकडे बघा.' लहान पोरांना शिकवतात तसं. आई चिडायची, उशी फेकायची. ही उशी उचलून आणायची आणि पुन्हा म्हणायची, 'आई, आऽऽ.' मला बोळातून दिसायचं सगळं. आणि एक दिवस आई बोलली. पहिला शब्द काय होता, माहीत आहे?"

आक्काने मान हलवली.

"आक्का."

आक्का पलंगाच्या कडेवर बसली. सबंध हिवाळ्यात त्या पलंगावर बसलेली ती पहिलीच. "मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली, पण मघासारखी चिडून नाही.

"मला वाटलं, ह्यांनी सांगितलं," थोरली म्हणाली.

"मला वाटलं, हिने," थोरला म्हणाला.

"देवा रे! काय माणसं आहात तुम्ही!" आक्काने थोरलीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. बराच वेळ तिने तो हात सोडला नाही. "मी आले की तू बाहेर निघून जायचीस. मला वाटायचं, तुला माझा राग आहे."

"तुम्हाला आईंजवळ बसता यावं म्हणून जायचे."

आबांनी घसा साफ केला. "मी तिचे आभार मानले नाहीत कधी. घरच्या माणसाचे आभार काय मानायचे, असं वाटायचं. चुकलंच. पोरी, तिची शेवटची वर्षं तू बोलकी केलीस. मुकी गेली असती, तर मी वेडा झालो असतो."

थोरलीने उशी सरळ केली. "उशी फार लागायची हो आईंची," ती कशीबशी म्हणाली.

आरसा उतरला. पलंग दोघातिघांनी मिळून उभा करून भिंतीला लावला. आक्काने बॅग उचलली. "चला, रिकामी आणली तशी रिकामी नेते. आबा इथेच राहू देत. पण येत जाईन मी, आणि फोन करून येणार नाही."

"अगदी खुशाल," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला होता. "आबांची काळजी करू नकोस. मी दुकानात असलो तरी घरी ही आहेच."

घरी ही आहेच. थोरलीने ते शब्द ऐकले. त्यात वाईट काही नव्हतं, उलट मायाच होती. आणि तिचं तोंड नेहमीप्रमाणे मिटायला लागलं. खिडकीतल्या उजेडाचा रंग बदलला होता. आता नाही बोललं, तर थोड्याच वेळात बोलण्यासारखं काही उरणार नव्हतं. मग तिच्या मनात आलं, आपण आत्ता जे करतोय ते तेच आहे. ह्यांनी डोळे मिटून पुसलं, आबा कोटांकडे बघत बसले, आणि मी आरशावर फडकं टाकलं. आणखी एक फडकं टाकते आहे.

"मी नसेन घरी," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"शाळेतून विचारलंय. बालवर्ग. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. मला जायचंय." तिने पदर खोचला. "फार जायचंय."

"कधी विचारलं?" थोरल्याने विचारलं.

"परवा."

"परवा! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही डोळे मिटून पुसता, ते मला सांगितलं होतंत?"

थोरल्याने आबांकडे पाहिलं. "पण... आबांजवळ कोण..."

"गप रे तू," आक्का म्हणाली. बॅग खाली ठेवून ती थोरलीच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. "तिचा वर्ग तिने आपल्या आईसाठी सोडला. तुझ्या आणि माझ्या. आता काय तुझ्यासाठी सोडायचा?"

"मी नको म्हटलं का? मी फक्त विचारलं, आबांजवळ कोण."

"मला कोणी जवळ लागतं, हे कोणी ठरवलं?" आबा म्हणाले. पेचकस अजून त्यांच्या हातात होता. "आजारी तुमची आई होती. मी नुसता गप्प होतो. सकाळी मी दुकानात येत जाईन. तुझी काचेची कापणी बघितली मी मघाशी, त्या वळणावरच्या आरशाची. लाज वाटते सांगायला, की माझा मुलगा आहे."

"आबा, तो कारखान्यातून कापून आलाय."

"मग कारखान्याला बोलावून घे."

थोरली धाकटीजवळ गेली. एवढ्या गडबडीत ती खिडकीशी गप्प उभी होती. "तू विचारलंस म्हणून," थोरली म्हणाली, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आम्ही एकमेकांना जपण्यात एवढे गर्क होतो, कोणी विचारलंच नाही."

"मी काही केलं नाही, वहिनी. मी फक्त खुर्चीत बसले."

"जा, आधी फोन कर," आक्का म्हणाली. "ती बाई दुसरी कोणी शोधून ठेवायची."

"सूप लागेल खाली."

"सूप मी बघतो," आबा म्हणाले, आणि खरंच स्वयंपाकघराकडे चालू लागले.

थोरली मोकळ्या झालेल्या पूर्वेच्या खोलीत उभी राहिली. फोन लागला. मुख्याध्यापिका म्हणाली, "मी वाट बघून आशा सोडतच होते. काय ठरलं?"

"येते," थोरली म्हणाली. "मला बालवर्गच हवा. सगळ्यात लहान मुलं."

"घरी विचारलंत ना? मागच्या वेळी तुम्ही घाईने सोडलंत, म्हणून विचारते."

"विचारलं," थोरली म्हणाली. "आज सगळ्यांनीच सगळ्यांना विचारलं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. वळणावर आता आरसा नव्हता. कोणाला कोणी हवं असेल, तर हाक मारावी लागणार होती, आणि आबांनी ती अशी मारली होती की बाहेर झाडावरच्या चिमण्या उडाल्या.

"अगं, ही शेगडी बारीक कुठून होते?"

"कोणी ओरडलं का?" मुख्याध्यापिकेने विचारलं.

"आमचे आबा," थोरली म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि रडूही. "मला हाक मारतायत. सबंध हिवाळ्यात पहिल्यांदाच. थांबा हं बाई, त्यांना ओ देते."